जागेसकट

“तुझा बा घर आणाया गेलाय गो,” हौशी फोनवर म्हणाली, आणि झिपरू जणू बाजारातून ओल्या मिरच्या आणायला गेला असावा इतक्या सहजतेने तिने पुढे विचारले, “दुपारी जेवाया येशील ना?”

देवकी वसतिगृहाच्या कोठीत उभी होती. शहापूरच्या मुलींच्या वसतिगृहाची ती अधीक्षक. शनिवारची सकाळ, दाराशी तांदळाची पोती उतरत होती. आईचे वाक्य तिच्यापर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागला.

“आणाया म्हंजे? कुठं आणाया?”

“हितं. वाडीवर. धाऊ गेलाय, बुधू गेलाय, आणखी चौघं. पहारी नेल्यात, दोर नेलाय. उद्या वाडीची मानसं कामाला न्याया वीटभट्टीचा ट्रक येतोय, मंग हितं कोण गावायला? म्हणून आजच.”

“आये, मी त्याला सांगितलं होतं. जागेसकट घेतलंय म्हणून. दोनदा सांगितलं.”

“सांगितलंस की. म्हाईत हाय त्याला.” पलीकडे चुलीत फुंकर घातल्याचा आवाज आला. “म्हणून तर घाईनं गेला.”

देवकीने फोन ठेवला, पोती उतरवून घेण्याचे काम मदतनीस बाईंवर सोपवले, कपाटातून कागदांची पिशवी काढली आणि ती एसटी स्टँडकडे निघाली. ही रडू यावे अशी गोष्ट होती. तिला मात्र राग आला होता. आणि राग आला की तिचे डोके ओढ्याच्या हिवाळी पाण्यासारखे नितळ चाले.

तीनच दिवसांपूर्वी मुरबाडच्या दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तिने खरेदीखतावर सही केली होती. टोकावड्याच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत गेलेल्या त्या गावात हेमंतच्या वडिलांचे घर सात वर्षे कुलपात होते. हेमंत कल्याणला नोकरीला. त्याला गावी परतायचे नव्हते आणि ते कबूल करण्याइतका तो सरळ होता. सही करून बाहेर आल्यावर तो म्हणाला होता, “देवकी, घराला माणूस मिळाला, बरं झालं.” तिने मान डोलावली होती. तिच्या, हिलमांच्या, कुळात आजवर कोणाच्याही नावे वीतभर जमीन लागली नव्हती, हे त्याला सांगण्याची तिला गरज वाटली नाही. अभिमान फार मोठा असला की तो बोलून दाखवण्याजोगा राहत नाही; तो अंगात ताप चढावा तसा नुसता चढत राहतो.

किन्हवलीच्या पुढे बस रिकामी झाली. दोन्ही बाजूंना कापून झालेली भाताची खाचरे पिवळी, थकली-भागली पडली होती. ठिकठिकाणी झोडणी चालली होती, आणि भाताच्या धुळीने दुपारचा प्रकाश जाडसर झाला होता. देवकी खिडकीशी बसून वडिलांचा विचार करत होती. त्यांचे चुकले होते. पण ते कुठून चुकत आले होते हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

गावातली जुनी घरे पडू लागली, स्लॅबची घरे उभी राहू लागली, तेव्हापासून झिपरू हिलम घरे उतरवत आला होता. ‘पाडणे’ हा शब्द तो वापरत नसे. लोक जुने लाकूड, दारे, कौले विकून टाकत. वाडीवरचे कातकरी ती विकत घेत, डोक्यावर वाहून नेत आणि ओढ्यापलीकडे पुन्हा उभी करत. एकही कौल न फोडता अख्खे छप्पर उतरवणारा झिपरूसारखा माणूस साऱ्या पट्ट्यात नव्हता. त्याच्या स्वतःच्या घराचे दार गावच्या जुन्या पाटलांच्या गोठ्याचे होते, खांब एका शाळामास्तरांच्या पडवीचे, आणि चौकटीवरचा कोरलेला पोपट कोणाचा, ते आता कोणालाच आठवत नव्हते. वाडीवरच्या प्रत्येक घरात गावातली तीन-चार वारलेली घरे अशी गुण्यागोविंदाने नांदत होती.

आणि वाडी? वाडी तीनदा उठली होती. एकदा मालकाला तिथे आंबे लावायचे होते. एकदा शहरातल्या कोणाला तिथे सुट्टीचा बंगला हवा होता. तिसऱ्या वेळी तर कोणी कारणही दिले नव्हते. दर वेळी झिपरूने घर उतरवले, खांद्यावर घेतले आणि दाखवतील तिथे नेऊन उभे केले. खांद्यावर येत नव्हते ते मागे राहिले: सारवून सारवून गुळगुळीत झालेला ओटा, न्हाणीचा दगड, एक लहान मूल पुरलेली जागा. आपले काय आणि परके काय, हे त्या माणसाला त्याच्या खांद्यांनी शिकवले होते. जे उचलता येते ते आपले. जमीन उचलता येत नाही.

सरळगावला उतरून देवकीने टोकावड्याकडे जाणारी जीप पकडली आणि फाट्यापासून ती चालत निघाली. गावात शिरताना तिला प्रथम दिसले ते आकाश. जिथे छप्पर दिसायला हवे होते तिथे निम्म्या भागात आकाश होते, आणि त्यात वाशांच्या बरगड्या. त्यापलीकडे, दूर दक्षिणेला, सिद्धगडाचा सुळका धुरकट उभा होता. आढ्यावर पाय टाकून, डोक्याला फडके गुंडाळून झिपरू बसला होता. तो कौल सोडवी, खालच्या वाशावर उभ्या धाऊकडे देई, धाऊ बुधूकडे, आणि बुधू खाली अंगणातल्या चौघांकडे. अंगणात कौलांच्या रांगा इतक्या नेटक्या लागल्या होत्या की एखाद्या अपरिचिताला वाटावे, इथे घर बांधायला घेतले आहे.

अंगणातच, फळका पाडून, एक टेम्पो उभा होता. आणि शेजारच्या ओटीवर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, हातात चहाचा कप घेऊन हरेश बसला होता. हरेश हेमंतचा चुलतभाऊ. हे घर त्याला हवे होते. हेमंतने त्याला न देता ते देवकीला दिले, हे गावात सगळ्यांना माहीत होते.

“ये, ये, देवकी. आता मॅडम म्हणाया पायजे, नाय का?” हरेश हसला. “तुझ्या बापाला म्हटलं, टेम्पो माझा ने. भाडं नको. शेजारी म्हणून एवढं तरी करू दे.”

“टेम्पो कुठं न्यायचाय, हरेशदादा?”

“कुठं म्हंजे? वाडीवर.”

“वाडीवर काय काम? घर हितं हाय.”

समोरच्या अंगणात सुपाने तांदूळ पाखडत बसलेल्या सकुबाईचे सूप थांबले. ती या आळीतली सर्वांत म्हातारी, आणि आळीत घडणारे काही आपल्यावाचून घडू नये याबाबत अतिशय दक्ष.

हरेशने कप खाली ठेवला. त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. समजूत घालणारा, जवळजवळ मायेचा सूर होता, आणि त्यामुळेच तो घातक होता. “अगो, तू शिकलीस, चांगलं झालं. पन गावाची रीत शाळेत नाय शिकवत. घर घेतलं का लाकूड न्यायचं. जागा भावकीची ऱ्हाते. तुझ्या बापानं जल्मभर तेच केलंय. काल संध्याकाळी मी त्याला म्हटलं, झिपऱ्या, कागद काय, आज हाय, उद्या त्याच्यावर कोणी तक्रार टाकली का अडकला. लाकूड तरी हाताला लागू दे. त्याला कळलं बग, एका शब्दात कळलं.” मग त्याने मान वर करून आढ्याकडे पाहिले आणि जरा मोठ्याने, आळीला ऐकू जाईल असे विचारले, “जागा आपली असती, तर मालक आपलं घर आपल्या हातानं मोडून नेतो का कदी?”

प्रश्न तिला नव्हता, आळीला होता. देवकीला ते त्याच क्षणी जाणवले. खरेदीखत पिशवीत होते, त्यावर शिक्का होता. पण इथे, या अंगणात, गावाच्या डोळ्यांसमोर तिचा बापच हरेशच्या बाजूची साक्ष एकेक कौल करून देत होता. संध्याकाळपर्यंत जागा मोकळी होईल. आठवड्यात तिला कुंपण पडेल. मग दावे, तारखा, वर्षे. खरेदी टिकेलही, पण जिच्यात राहायचे ती गोष्ट शिल्लक उरणार नाही.

“बा,” तिने हाक मारली, “हात थांबव.”

“छपराची एवढी पाखी उतरली का थांबतो,” वरून उत्तर आले. झिपरूने तिच्याकडे पाहिलेदेखील नाही.

देवकी हरेशच्या ओटीच्या पायरीवर चढली. पिशवीतून तिने खरेदीखत काढले नाही. त्याच्याखालचा दुसरा कागद काढला. गावठाणाच्या मोजणीनंतर मिळालेली ती मिळकत पत्रिका होती, नकाशासह.

“हरेशदादा, गावात ड्रोन उडवला होता मोजणीला. आठवतं?”

“आठवाया काय झालं. सगळी पोरं बघाया गेली होती.”

“त्याच्या आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपापल्या हद्दीला चुन्याची फक्की टाकायची होती. वरून दिसावी म्हणून. तुमच्या हद्दीला कोणी टाकली?”

उत्तर समोरच्या अंगणातून आले.

“त्यानंच टाकली की!” सकुबाई म्हणाली. “माझी बादली नेली होतीन फक्कीला. अजून परत नाय दिली.”

धाऊ वाशावर खुदकन हसला. बुधूनेही तोंड फिरवले.

“म्हातारे, तू तांदूळ पाखड,” हरेश म्हणाला.

“पाखडतेच हाय. बादलीबिगर.”

“तर तुमीच टाकली,” देवकीने नकाशा ओटीच्या कठड्यावर पसरला. “ह्या बाजूनं आलात, तुमची पडवी घेतलीत, न्हाणी घेतलीत, आणि हितं, ह्या भिंतीपाशी, थांबलात. बगा, रेघ सरळ हाय, हात चांगला हाय तुमचा. का थांबलात?”

“आता पुढं हेमंतचं घर होतं, म्हणून...”

“घराला फक्की कोणी टाकत नाय, दादा. जागेला टाकतात. पुढची जागा हेमंतदादाची, हे तुमी सगळ्या गावाच्या देखत चुन्यानं लिहून दिलंत. त्याच रेघेवर हा कागद झाला. हेमंतदादानं हाच कागद मला विकला. आता तक्रार टाकायची तर टाका. पन ती तुमच्याच रेघेवर टाकाया लागल.”

ती एवढेच बोलली, आणि तिचा आवाज वसतिगृहात रात्रीचे दिवे बंद करायला सांगते तितकाच शांत होता. हरेश उठून कठड्यापाशी आला. नकाशावर वाकला. त्यातली स्वतःची रेघ त्याने बोटाने चाचपली. तो वाईट माणूस नव्हता. आपल्या दारापलीकडची जागा आपलीच असावी असे वाटणाऱ्या माणसांपैकी एक होता, आणि तशी माणसे सगळीकडे असतात.

“मी कुठं नाय म्हणतोय,” तो शेवटी म्हणाला. “मदत कराया गेलो, तर माझ्यावरच आली.” त्याने टेम्पोचा फळका वर ढकलला, खिटी लावली, गाडी मागे घेतली.

“बादली!” सकुबाई ओरडली.

गाडी वळणाआड गेली, आणि अंगणात एक विचित्र रितेपणा उरला. देवकीने वर पाहिले. झिपरूच्या हातात एक कौल होते. तो ते खाली देत नव्हता. जागेवरही ठेवत नव्हता.

“तो गेला, बा.”

“बगितलं. आज गेला.” झिपरूने कौल मांडीवर ठेवले. “माझ्या बापाला मालकानं चिठ्ठी दिली होती. हितं ऱ्हावा म्हणून. बापानं ती टोपीत ठेवली. ऊन, पाऊस, घाम, सगळं त्या टोपीवर. आंबे लावायचे झाले तवा मालक म्हणाला, चिठ्ठी दाखव. बापानं टोपी काढली तर चिठ्ठीचा भुगा.” त्याने कौलावरची धूळ पुसली. “तुझा कागद चांगला हाय. जाड हाय. पन लाकडाचा भुगा होत नाय, देवके. म्हणून म्हटलं, तुझं एवढं तरी वाचवून ठेवू.”

तेव्हा तिला कळले, की तो सकाळपासून तिचे घर मोडत नव्हता. तो ते पुरातून वाचवत होता. जो पूर त्याने तीनदा पाहिला होता, तो याही खेपेला येणार अशी त्याची खात्री होती, आणि मुलीच्या हाती निदान वासे-खांब उरावेत म्हणून तो पासष्टाव्या वर्षी आढ्यावर चढला होता. तिचा राग ओसरला. त्याच्या जागी आलेली गोष्ट रागाहून पुष्कळ बळकट होती.

“चिठ्ठी मालकानं दिली होती, बा. देणारा होता, म्हणून मागणाराही तोच होता. ह्या कागदात वर कोणी मालक राहिलाच नाय. मालक मी हाय.”

“तू?” झिपरूने प्रथमच तिच्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत थट्टा होती, की दुसरे काही, हे खालून कळेना.

“मी. देवकी झिपरू हिलम. तुझं नाव पन हाय बग मधी. आता मोडायचं तर खुशाल मोड, सगळं मोड, शेवटचा वासा उतरव. मी अडवणार नाय. तुझ्याइतकं कोणाला येतं? पन उतरवलंस का बांधायचं मातर हितंच. ह्या जागेवरनं लाकडाची एक काडी हलणार नाय.”

धाऊने वाशावर बसकण मारली. “म्हंजे सकाळी उतरवा आणि दुपारी चढवा. मॅडम, मजुरी दोन टायमाची लागल हां.”

“जेवण दोन टायमाचं दीन, काका.”

“मटन?”

“आधी छप्पर.”

झिपरू शिडीवरून खाली उतरला. मांडीवरचे कौल त्याने स्वतःबरोबर खाली आणले होते. ते रांगेत न लावता त्याने ओटीवर वेगळे ठेवले. मग तो घराभोवती एक फेरी मारून आला. या गावात तो शेकडो दिवस राबला होता, या ओटीखाली बसून त्याने चहा प्यायला होता, पण या घराच्या मागच्या अंगाला तो कधी गेला नसावा. कोपऱ्यावर त्याची पावले नवख्यासारखी अडखळली. खांबाखालच्या तळखड्यांना त्याने हात लावून पाहिला. माजघरात गेला, छप्पर उतरलेल्या भागातून तिथे ऊन आले होते, त्यात उभा राहिला. बाहेर आला तेव्हा त्याने भिंतीला टेकवलेली पहार उचलली होती.

मागच्या अंगणात, हरेशच्या रेघेपासून दहा पावले आत, तो थांबला.

“मालकीणबाई,” त्याने हाक दिली, अगदी मुकादमाला विचारावे तशी. “खणू का?”

“बा, मला काय विचारतोस?”

“विचारतो. वाडीवर कोणी खणू देत नाय. ओटा घाल म्हणतात, खोल जाऊ नको. मेढ रोव, हातभर. त्याच्या खाली मालकाचं.” त्याने पहारीचे टोक मातीवर टेकले. “तुझ्या कागदात लांबी हाय, रुंदी हाय. खाली किती आपलं, ते लिवलंय का?”

देवकीला हसू आले. आणि ते आले तसे तिच्या लक्षात आले, की असा प्रश्न मुरबाडच्या कार्यालयात कोणी विचारला नव्हता, तिलाही कधी सुचला नव्हता. चारी बाजूंच्या हद्दी वकिलांनी मोठ्याने वाचल्या होत्या. पाचवी दिशा कोणी वाचली नव्हती.

“खाली हद्दच नाय लिवलेली,” ती म्हणाली.

झिपरूने पहार उचलली आणि मारली. वरची माती कोरडी होती, ती सहज सुटली. हातभर खड्डा झाला तेव्हा तो थांबला आणि त्याने सवयीने मान वळवून हरेशच्या ओटीकडे पाहिले. खुर्ची रिकामी होती. त्याने सकुबाईच्या अंगणाकडे पाहिले. म्हातारी सूप मांडीवर घेऊन, मान उंच करून, मोठ्या औत्सुक्याने बघत होती. त्याने रस्त्याकडे पाहिले. कोणी येत नव्हते. कोणीही हाक मारून ‘ए’ म्हणत नव्हते.

मग तो खाली बसला आणि त्याने सुटलेली माती ओंजळीने बाहेर काढली. पुन्हा पहार मारली. दीड हात. धाऊ खाली उतरून आला, बुधू आला, आणि दोघे खड्ड्याभोवती उभे राहिले. तांबडा मुरूम लागला, तेव्हा पहारीचा आवाज बदलला. झिपरूने अंगातला सदरा काढून देवकीच्या हाती दिला. तो इतका हलका होता, की तिने नकळत तो दोन्ही हातांनी धरला.

“अरं झिपरूदा,” धाऊने विचारले, “खड्डा कशाला रे? खांबाला? का संडासाला?”

झिपरू आता मांडीइतक्या खोलीत उभा होता. त्याच्या पाठीवर घाम चकाकत होता, आणि तो धापा टाकत होता, आणि गेल्या कित्येक वर्षांत दिसला नव्हता इतका तो तरणा दिसत होता.

“ठरवलं नाय अजून,” तो म्हणाला, आणि त्याने पहार पुन्हा उचलली. “तुमी कौलं चढवाया घ्या. मला वेळ लागल.”